विश्लेषण : नवरा तांदळाच्या पेटीत बंद, मुलगा राजा, कोरियाच्या युवराज्ञीने चार दशकांनी काय लिहिले?

‘द थ्रोन’ हा २०१५चा कोरियन चित्रपट पाहिलेल्यांना ती पेटी आठवत असेल. जुलै १७६२ मध्ये राजा योंगजोने स्वतःच्या मुलाला, युवराज सादोला, भर उन्हाळ्यात तांदळाच्या लाकडी पेटीत कोंडले. आठ दिवसांत तो गेला. वयाच्या नवव्या वर्षी लग्न होऊन राजवाड्यात आलेली त्याची पत्नी लेडी ह्येग्योंग तेव्हा २६ वर्षांची होती. पदरात ९ वर्षांचा मुलगा.

पेटीच का?

युवराजाला गुन्हेगार म्हणून मृत्युदंड दिला असता, तर शिक्षा बायको-मुलापर्यंत पोहोचली असती. राजाला वारस म्हणून नातू तर हवा होता.

ह्येग्योंग यांनी जीव द्यायचा विचार केला, पण मुलासाठी मागे राहिल्या. त्याच मुलाला त्यांनी आजोबांजवळ राहायला पाठवले. बापाला मारणाऱ्याजवळ! राजाचा नातवावरचा विश्वास टिकावा, हा हिशेब. १७६४ मध्ये तो कागदोपत्री दिवंगत काकाचा मुलगा ठरला. आईचे नातेही दरबारी हिशेबात दुय्यम झाले. १७७६ मध्ये तो राजा जोंगजो म्हणून गादीवर आला, आणि त्याच वर्षी ह्येग्योंग यांच्या काकांना मृत्युदंड झाला. १८०१ मध्ये, मुलाच्या मृत्यूनंतर, धाकट्या भावालाही.

मग लिहिले कशासाठी?

दरबारी दप्तरातल्या १७६२च्या नोंदी जोंगजोच्या विनंतीवरून आधीच काढून टाकल्या होत्या. पेटी सुचवली कोणी, यावरून माहेरच्यांवर आरोप सुरूच होते. ह्येग्योंग यांनी १७९५ ते १८०५ दरम्यान चार आठवणी लिहिल्या, त्याही कोरियन हंगुल लिपीत. शेवटची नातू राजासाठी होती. तिच्यात सादोचा आजार उघड मांडला आहे: बापाची दहशत, कपडे घालण्याची भीती, नोकरांच्या हत्या. सासऱ्यालाही त्यांनी सोडले नाही. माहेरची बाजू मात्र ठामपणे लावून धरली. म्हणजे साक्षीदारही त्याच आणि पक्षकारही त्याच. हे लक्षात ठेवून वाचले तरी, त्या घराच्या आतून इतके सांगणारे दुसरे कोणी नाही.

जानेवारी १८१६ मध्ये ८० व्या वर्षी त्यांचे निधन झाले. सादोच्याच समाधीत त्यांना ठेवले आहे. हयातीत त्या राणी झाल्याच नाहीत. तो किताब १८९९ मध्ये मिळाला.