नोकरीकडून उद्योगाकडे

मिरजेहून पुण्याकडे रेल्वेने जाताना किर्लोस्करवाडी हे स्टेशन लागते. पूर्वी त्याचे नाव कुंडल रोड होते. १९१० पूर्वी येथे ओसाड माळ होता. सगळीकडे निवडुंग माजले होते. सापांचीही भीती होती. या माळावर मोठा कारखाना उभारणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर एके काळी मुंबईत पगारी शिक्षक होते.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. त्यांना चित्रकलेची व यंत्रांची आवड होती. थोरले बंधू रामूअण्णा यांच्या मदतीने ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकू लागले. तेथे असताना त्यांना काही रंग नीट ओळखता येत नाहीत, असे आढळले. चित्रकार होण्याची आशा संपली. पण ते निराश झाले नाहीत. ते यंत्रांची रेखाटने काढण्यास शिकले. पुढे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये त्यांना हाच विषय शिकवण्याची नोकरी मिळाली.

लक्ष्मणराव शिकवत होते आणि स्वतः शिकतही होते. फावल्या वेळात ते यंत्रे समजून घेत. बेळगावात किर्लोस्कर बंधूंनी सायकलींचे दुकान काढले होते. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवत आणि रामूअण्णा त्या विकत. लोकांना सायकल चालवायलाही ते शिकवत.

नोकरीत लक्ष्मणरावांना बढती मिळायची वेळ आली. काम, अनुभव आणि पात्रता त्यांच्या बाजूने होती. पण ती जागा त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन माणसाला देण्यात आली. मन लावून काम करणाऱ्या माणसाला असा अन्याय फार झोंबतो. काही जण वरिष्ठांची मनधरणी करतात, तर काही जण कुरकुर करत दिवस ढकलतात. लक्ष्मणरावांनी यांपैकी काहीच केले नाही. त्यांनी राजीनामा दिला आणि बेळगावची वाट धरली. हाती कसब होते, म्हणूनच हे धाडस त्यांना करता आले.

पण स्वतंत्र धंदा म्हणजे सुखाची वाट नव्हे. बेळगावात त्यांनी कडबा कापण्याची यंत्रे व लोखंडी नांगर तयार केले. लोखंडाने जमिनीला विषबाधा होते, अशी त्या काळी शेतकऱ्यांची समजूत होती. त्यामुळे पहिला नांगर विकायला दोन वर्षे लागली! हळूहळू नांगराचा उपयोग पटू लागला. तोच नगरपालिकेने कारखान्याची जागा सोडायला सांगितले. आता कुठे जावे?

अशा वेळी औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला धावले. त्यांनी कुंडल रोडजवळ ३२ एकर जमीन आणि दहा हजार रुपयांचे बिनव्याजी कर्ज दिले. लक्ष्मणराव आपल्या कामगारांना व त्यांच्या कुटुंबांना घेऊन माळावर आले. सर्वांनी मिळून निवडुंग तोडला, घरे बांधली आणि कारखाना सुरू केला. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेना, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा वितळवण्यासाठी दिल्या.

आता लक्ष्मणराव स्वतः मालक झाले होते. माणसे नेमणे त्यांच्या हाती होते. त्यांनी आपल्या वसाहतीत अस्पृश्यता पाळू दिली नाही. तुरुंगातून सुटून आलेल्या काही जणांना त्यांनी रात्रीचे पहारेकरी नेमले. ज्यांना दुसरीकडे कोणी दारात उभे केले नसते, त्यांच्या हाती कारखान्याची राखण आली.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले. १९६९ मध्ये त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त भारत सरकारने टपाल तिकीट काढले. एका कचेरीत त्यांची योग्यता डावलली गेली होती. स्वतःच्या कारखान्यात मात्र त्यांनी ज्यांना जग दूर ठेवत होते, त्यांनाही काम दिले. नोकरी सोडून त्यांनी स्वातंत्र्य मिळवले आणि ते इतरांच्याही उपयोगी आणले, हाच त्यांचा खरा मोठेपणा.