विश्वेश्वरय्या आणि म्हैसूरचे दप्तर

संस्था उभारणाऱ्या पुरुषाचे चरित्र त्याच्या गौरवग्रंथांपेक्षा त्याच्या दप्तरात अधिक विश्वसनीयपणे सापडते. गौरवाची भाषणे समारंभापुरती असतात. अंदाजपत्रक, नियमावली, सभेचे इतिवृत्त, नेमणुकीचा हुकूम आणि त्यावरील शेरा हे मात्र प्रत्यक्ष कारभाराच्या गरजेतून निर्माण होतात. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांच्याबाबत हे विशेषत्वाने खरे आहे. धरणांचा शिल्पकार म्हणून त्यांची ख्याती सर्वदूर पसरली. परंतु विद्यापीठ, वाणिज्य मंडळ, साहित्य परिषद, बँक आणि ग्रंथालय अशा विविध संस्थांच्या मुळाशी त्यांनी घालून दिलेली कार्यपद्धती होती, ही गोष्ट तितकीशी परिचित नाही. महाराष्ट्राने तर त्यांना प्रथम आपल्याच सेवेत पाहिले होते.

विश्वेश्वरय्यांचा जन्म १५ सप्टेंबर १८६१ रोजी बंगळूरच्या उत्तरेस चिक्कबळ्ळापूरनजीक मुद्देनहळ्ळी या खेड्यात झाला. वडील श्रीनिवासशास्त्री संस्कृतज्ञ होते. मुलगा शिकत असतानाच त्यांचे निधन झाले आणि कुटुंबास विपन्नावस्था आली. बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजात शिकत असता विश्वेश्वरय्यांनी शिकवण्या करून आपला निर्वाह केला व १८८१ मध्ये बी. ए. ची पदवी मिळविली. म्हैसूर संस्थानात त्या वेळी विद्यापीठ नव्हते. संस्थानातील महाविद्यालये मद्रास विद्यापीठाशी संलग्न होती. अभ्यासक्रम, परीक्षा आणि पदव्या यांविषयीचे निर्णय मद्रासेत होत. बंगळूरच्या विद्यार्थ्याच्या भवितव्याचे कागद दुसऱ्या प्रांताच्या राजधानीत तयार होत असत, ही वस्तुस्थिती पुढे त्यांच्या विद्यापीठविषयक विचारांची पार्श्वभूमी ठरली.

म्हैसूर सरकारच्या शिष्यवृत्तीवर ते पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये दाखल झाले आणि १८८३ मध्ये स्थापत्यशास्त्राच्या परीक्षेत प्रथम आले. पुढील वर्षी मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात त्यांची नेमणूक झाली. नाशिक, धुळे, सक्कर, पुणे अशा ठिकाणी त्यांनी सुमारे पाव शतक चाकरी केली. सक्करच्या पाणीपुरवठ्याची योजना, खडकवासल्याच्या जलाशयावर १९०३ मध्ये बसविलेले स्वयंचलित दरवाजे आणि दख्खनच्या कालव्यांवरील पाळीपद्धतीची गटवार शेती ही त्यांची या काळातील प्रमुख कामे होत. पुण्यात न्यायमूर्ती रानडे व गोपाळ कृष्ण गोखले यांचा सहवास त्यांना लाभला आणि डेक्कन क्लबच्या स्थापनेत त्यांनी भाग घेतला. सार्वजनिक कार्य सभासदांची यादी, हिशेब आणि लेखी ठराव यांवर उभे राहते, हा रानडे यांच्या पिढीचा संस्कार होता. अभियंत्याच्या मोजमापी बुद्धीला त्या संस्काराची जोड मिळाली. १८९८ मध्ये त्यांनी जपानला भेट दिली. तेथील उद्योगवाढीचा पाया सार्वत्रिक शिक्षणात आहे, अशी त्यांची खात्री झाली.

१९०८ मध्ये त्यांनी मुंबई सरकारची सेवा सोडली. मुसी नदीच्या प्रलयानंतर हैदराबाद शहराच्या संरक्षणाची योजना आखून दिल्यावर १९०९ च्या अखेरीस ते म्हैसूरचे मुख्य अभियंता झाले. १९११ मध्ये कावेरीवरील कृष्णराजसागर धरणाच्या कामास प्रारंभ झाला आणि त्याच वर्षी म्हैसूर आर्थिक परिषदेची स्थापना झाली. शेती, उद्योग व शिक्षण यांचा विचार अधिकारी आणि प्रजाजन यांनी एकत्र बसून करावा, असा या परिषदेचा हेतू होता. नोव्हेंबर १९१२ मध्ये महाराज कृष्णराज वोडेयर यांनी त्यांना दिवाणपदी नेमले.

दिवाणांचे सचिवालय बंगळूरच्या अठरा कचेरीत होते. ब्रिटिश आयुक्तांच्या अमदानीत, १८६८ मध्ये, पूर्ण झालेल्या या तांबड्या इमारतीच्या नावातील दोन्ही शब्द मराठी वाचकास परके वाटणार नाहीत. सरकारची अठरा खाती एका छपराखाली आणल्यामुळे ते रूढ झाले. या कचेरीत विश्वेश्वरय्यांनी कामाला नवे वळण लावले. खात्यांच्या कार्यक्षमतेची तपासणी त्यांनी सुरू केली. प्रत्येक योजनेला हेतू, खर्च, मुदत व जबाबदार अधिकारी यांचे टिपण जोडले जावे आणि ठरलेल्या वेळी प्रगतीचा अहवाल यावा, असा त्यांचा कटाक्ष असे. दप्तर हे केवळ झालेल्या गोष्टींची नोंद नसून होऊ घातलेल्या गोष्टींचा आराखडा आहे, हे तत्त्व त्यामागे होते. १९१३ मध्ये म्हैसूर बँक निघाली. १९१५ मध्ये बंगळुरात कन्नड साहित्य परिषद स्थापन झाली. तिची कल्पना आर्थिक परिषदेच्याच विचारविनिमयातून पुढे आली होती. १९१६ मध्ये म्हैसूर वाणिज्य मंडळ आणि १९१७ मध्ये सेंचुरी क्लब अस्तित्वात आले. त्यांच्या कारकिर्दीत संस्थानातील शाळांची संख्या सुमारे साडेचार हजारांवरून दहा हजारांच्या वर गेली.

या साऱ्यांत विद्यापीठाची स्थापना सर्वांत दूरगामी ठरली. सी. आर. रेड्डी आणि टॉमस डेनहॅम या प्राध्यापकांनी परदेशांतील विद्यापीठांचा अभ्यास करून अहवाल दिले होते. संस्थानाने आपले विद्यापीठ काढावे की मद्रासशी असलेले नाते राखावे, याविषयी मतभेद होते. लहान प्रदेशातील विद्यापीठाच्या पदवीस मान मिळेल काय, हा आक्षेप क्षुल्लक नव्हता. अखेर २७ जुलै १९१६ रोजी म्हैसूर विद्यापीठ सुरू झाले. ब्रिटिश मुलखाबाहेर, देशी संस्थानात निघालेले हे पहिलेच विद्यापीठ होय. महाराज कुलपती आणि एच. व्ही. नंजुंडय्या पहिले कुलगुरू झाले. मुख्य कचेरी म्हैसूरला राहिली; तथापि विज्ञानाचे शिक्षण बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजात चालले आणि १९१७ मध्ये त्याच शहरात अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले.

याच सुमारास या कर्तबगारीची दुसरी बाजू पुढे आली. विद्यापीठाचे आणि सरकारी नोकरीचे दरवाजे गुणवत्तेस खुले होते. परंतु ती गुणवत्ता सिद्ध करण्याची साधने सर्वांस सारखी उपलब्ध नव्हती. लोकसंख्येत अत्यल्प असलेल्या ब्राह्मण समाजाकडे वरिष्ठ पदांपैकी बहुसंख्य पदे होती. १९१७ मध्ये स्थापन झालेल्या प्रजामित्र मंडळीने या विषमतेस वाचा फोडली. विद्यापीठाच्या पूर्वतयारीत ज्यांचा वाटा होता ते रेड्डी या चळवळीचे पाठीराखे होते, हे लक्षात घेण्यासारखे आहे. १९१८ मध्ये महाराजांनी मुख्य न्यायाधीश सर लेस्ली मिलर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. मागासलेल्या समाजांना ठराविक मुदतीत नोकऱ्यांमध्ये निश्चित वाटा मिळावा, अशी तिची शिफारस पुढे आली आणि १९२१ मध्ये तदनुसार हुकूम निघाले.

विश्वेश्वरय्यांना हे धोरण मान्य नव्हते. मागासलेल्यांसाठी शाळा व शिष्यवृत्त्या वाढवाव्यात, परंतु नेमणुकीत पात्रतेची अट शिथिल करू नये, अशी त्यांची भूमिका होती. महाराजांशी मतभेद झाल्यावर १९१८ च्या अखेरीस ते दिवाणपदावरून दूर झाले आणि कांतराज अरस यांची त्या जागी नेमणूक झाली. या प्रसंगाकडे पाहताना एकतर्फी निर्णय देणे योग्य होणार नाही. शाळांचा विस्तार हाच विषमतेवरील टिकाऊ उपाय, ही त्यांची श्रद्धा प्रामाणिक होती व तिला कृतीचे पाठबळ होते. मात्र त्या विस्ताराचे फळ कचेरीपर्यंत पोहोचण्यास एक पिढी लागणार होती आणि तोवर नोकरीवर कोणाचा ताबा राहील, या प्रश्नास त्यांच्याजवळ समाधानकारक उत्तर नव्हते. प्रत्येक गोष्ट आकड्यांनी मोजावी असे शिकविणाऱ्या दिवाणांच्या कारभारावर त्यांच्याच खात्यांतील आकड्यांनी प्रश्नचिन्ह उभे केले, हा त्यांच्या चरित्रातील खरा पेच होय.

निवृत्तीनंतरचे आयुष्यही कार्यमग्नच होते. १९२१-२२ मध्ये मुंबई इलाख्याच्या तांत्रिक व औद्योगिक शिक्षण समितीचे अध्यक्षपद त्यांनी सांभाळले. १९२३ पासून काही वर्षे भद्रावतीच्या लोखंड कारखान्याची घडी त्यांनी बसविली. तेथील मानधनाची रक्कम स्वतःकडे न ठेवता त्यांनी ती बंगळूरच्या व्यवसायशिक्षण संस्थेसाठी दिली; १९४३ मध्ये निघालेल्या या संस्थेस स्वतःचे नाव न देता श्रीजयचामराजेंद्र यांचे नाव देण्यात आले. टाटांच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या भारतीय विज्ञान संस्थेच्या सभेचे अध्यक्षपद १९३८ पासून सुमारे नऊ वर्षे त्यांच्याकडे होते. १९५५ मध्ये त्यांना भारतरत्न हा सन्मान मिळाला आणि एप्रिल १९६२ मध्ये बंगळूर येथे त्यांचे देहावसान झाले.

त्यांच्या मृत्यूनंतर दोनच वर्षांनी, १९६४ मध्ये, बंगळूर विद्यापीठ निर्माण झाले. सेंट्रल कॉलेज व अभियांत्रिकी महाविद्यालय त्याच्याकडे गेले. पुढे २०१७ मध्ये त्या विद्यापीठाचेही विभाजन झाले. एकाच महाविद्यालयाचा इतिहास अशा रीतीने मद्रास, म्हैसूर आणि बंगळूर येथील दप्तरांत विभागला गेला. संस्थानच्या सचिवालयाची कागदपत्रे बंगळूरच्या कर्नाटक राज्य अभिलेखागारात जतन आहेत. विद्यापीठाचा पत्रव्यवहार त्याच्याशी ताडून पाहिल्याविना कोणत्या निर्णयात दिवाणांचा, महाराजांचा किंवा प्राध्यापकांचा वाटा किती, हे ठरविता येत नाही. अभिलेखशास्त्रात कागदाचा उगम व मूळ क्रम अबाधित राखण्यावर भर देतात तो याचसाठी. शेरा मूळ टिपणापासून तुटला की हुकूम तेवढा उरतो. त्यामागील विरोध नाहीसा होतो.

म्हणूनच संस्थांच्या जुन्या रोजकीर्दी, प्रवेशनोंदी आणि नेमणुकांच्या याद्या रद्दीत जाणे ही केवळ कागदांची हानी नव्हे. धरण किती उंच बांधले हे डोळ्यांना दिसते. विद्यापीठाच्या दारातून कोण आत आले आणि कोण बाहेर राहिले, हे त्या याद्यांवाचून कळण्याचा दुसरा मार्ग नाही. विश्वेश्वरय्यांच्या थोरवीचे आणि त्यांच्या मर्यादेचे माप या दोन्ही पुराव्यांनी घ्यावे लागते. आणि मोजमापावर निष्ठा ठेवणाऱ्या त्या पुरुषाच्या चरित्राला हीच कसोटी उचित आहे.