श्रीमती रमाबाई रानडे

परीक्षा हा शब्द कानी पडताच आपल्यापैकी बहुतेकांच्या मनात धडकी भरते. परंतु विद्यार्थी-विद्यार्थिनींनो, आपल्या प्रांतात अशाही कित्येक स्त्रिया होऊन गेल्या की, ज्यांस परीक्षेला बसावयास मिळणे हेच मोठे भाग्य वाटले. अशा स्त्रियांस रुग्णशुश्रूषेच्या शिक्षणाचा मार्ग ज्यांनी मोकळा करून दिला, त्या श्रीमती रमाबाई रानडे ह्यांचा जीवनवृत्तान्त येथे थोडक्यात देण्याचे योजिले आहे.

रमाबाईंचा जन्म इ. स. १८६२ च्या जानेवारी महिन्यात देवराष्ट्रे ह्या गावी कुर्लेकर घराण्यात झाला. हा गाव आता सांगली जिल्ह्यात मोडतो. माहेरी मुलींस अक्षरओळख करून देण्याची चाल नव्हती. इ. स. १८७३ मध्ये, वयाच्या अकराव्या वर्षी, त्यांचा विवाह महादेव गोविंद रानडे ह्यांच्याशी झाला. पुढे न्यायमूर्ती म्हणून कीर्ती पावलेल्या ह्या पुरुषाने आपल्या बालपत्नीस स्वतः पाटीवर अक्षरे गिरवावयास शिकविले. घरातील वडीलधाऱ्या बायकांस हे मुळीच रुचले नाही. दिवसा घरकाम व टोमणे आणि रात्री अभ्यास, असा रमाबाईंचा क्रम कित्येक वर्षे चालला. पुढे मिस हरफर्ड नावाच्या मिशनरी बाईंपाशी त्या इंग्रजीही शिकल्या. शाळा अशी त्यांस लाभलीच नाही. घरच्यांचे बोल निमूटपणे सोसून पुस्तक हातचे न सोडणे हीच त्यांची परीक्षा होती, आणि तीत त्या उत्तीर्ण झाल्या.

इ. स. १९०१ च्या जानेवारीत न्यायमूर्ती निवर्तले. रमाबाईंस अपत्य नव्हते. शोकात बुडून घराच्या कोपऱ्यात आयुष्य कंठणे हीच त्या काळी विधवेची रीत होती. परंतु रमाबाईंनी आपल्या दुःखातून इतरांचे दुःख ओळखले. मुंबईस बेहरामजी मलबारी व दयाराम गिदुमल ह्यांनी काढलेल्या सेवासदनास त्यांनी हातभार लावला आणि इ. स. १९०९ मध्ये गोपाळ कृष्ण देवधर ह्यांच्या साहाय्याने पुण्यास सेवासदन सुरू केले.

ह्या संस्थेचे सर्वांत धाडसाचे काम म्हणजे स्त्रियांस परिचारिकेचे शिक्षण देणे हे होय. परक्या माणसाचे अंग पुसणे, जखमा धुणे, रात्री घराबाहेर राहून पहारा करणे, ही कामे कुलीन स्त्रीस न शोभणारी अशी लोकांची समजूत होती. उलट पक्षी, पुरुष डॉक्टरासमोर येण्यास लाजणाऱ्या स्त्रिया आजार अंगावर काढीत व पुष्कळदा बाळंतपणातच प्राणास मुकत. रोगी स्त्रीस शुश्रूषा हवी होती आणि निराधार विधवेस मानाची भाकर हवी होती. ह्या दोन्ही गरजांची सांगड रमाबाईंनी घातली.

पण मार्ग सोपा नव्हता. जिला वाचता येत नाही, ती औषधाची मात्रा कशी मोजणार आणि ज्वराची नोंद कशी ठेवणार? म्हणून प्रौढ स्त्रियांकरिता आधी लेखनवाचनाचे वर्ग, मग ससून रुग्णालयात प्रत्यक्ष काम, आणि शिकाऊ परिचारिकांकरिता वसतिगृह, अशी पायरीपायरीने व्यवस्था झाली. अशा विद्यार्थिनीस केवळ पाठांतर पुरत नाही. शरीररचना समजावी लागते, मलमपट्टी सफाईने बांधावी लागते आणि रोग्याची कुरकुर शांतपणे ऐकावी लागते.

एकदा सेवासदनाच्या वार्षिक समारंभात केशवपन केलेली एक विधवा बक्षीस घेण्यास पुढे आली. तिला पाहून गॅलरीतील विद्यार्थ्यांनी हुल्लड केली. एरवी शांत असणाऱ्या रमाबाई समारोपास उभ्या राहिल्या आणि, ज्यांच्या घरीही अशा दुर्दैवी आया-बहिणी असतील, त्या तरुणांच्या शिक्षणाची त्यांनी भर सभेत कडक झडती घेतली. त्या दिवशी नापास ठरले ते विद्यार्थी. ती विधवा नव्हे.

इ. स. १९२४ मध्ये रमाबाईंचे देहावसान झाले. पुढे १९३५ साली मुंबई इलाख्यात परिचारिका व सुइणी ह्यांच्या नोंदणीचा कायदा झाला, आणि १९४७ च्या कायद्याने सबंध देशाकरिता परिचर्या परिषद स्थापन करण्याची तरतूद झाली. ज्या कामास लोक नाक मुरडीत, त्यास शिक्षण, परीक्षा व नोंदणी ह्यांची प्रतिष्ठा प्राप्त झाली. आपल्या सोलापुरातही सेवासदनाची शाखा निघाली, हे आपणांस अभिमानास्पद आहे. १९६२ साली रमाबाईंच्या जन्मशताब्दीनिमित्त सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले.

मुलींनो, तुमच्यापैकी ज्या कोणी पुढे परिचारिकेच्या परीक्षेची तयारी करतील, त्यांनी रात्री जड झालेले डोळे पाण्याने धुताना त्या पाटीवर अक्षरे गिरविणाऱ्या अकरा वर्षांच्या मुलीची आठवण ठेवावी. आणि मुलांनो, तुम्ही त्या गॅलरीतील विद्यार्थ्यांची आठवण ठेवा. गुण कागदावर मिळतात. परंतु शिक्षणाची खरी परीक्षा दुबळ्याशी आपण कसे वागतो ह्यातच होत असते.