पहिली मोहिनी

1950 ते 1965 या काळात वऱ्हाडातील शेलूबाजारसारख्या बाजाराच्या गावांतून व मोठ्या जत्रांतून फिरते सिनेमे येत असत. कापसाचा हंगाम उरके, शेतकऱ्याच्या हाती चार पैसे खुळखुळू लागत आणि मग गावाबाहेरच्या मोकळ्या जागेत सिनेमाचा तंबू उभा राही. मुले पडद्याच्या अगदी पुढे मातीत बसत. एका बाजूस बायाबापड्या पोरांना मांडीवर घेऊन दाटीवाटीने बसत. पडद्यावर बहुधा एखादी कौटुंबिक कथा असे. घरचा कर्ता पुरुष अकाली गेलेला, पदरी लहान मुले आणि घरात दाणा नाही. अशा स्थितीत ती माउली दळणकांडण करी, दुसऱ्यांची धुणीभांडी करी आणि मुलांना वाढवी. 1963 सालच्या ‘मोलकरीण’ या मराठी चित्रपटात तर आपल्याच मुलाच्या घरी मोलकरीण म्हणून राबणारी आई प्रेक्षकांनी पाहिली. तंबूतील स्त्रिया पदराने डोळे टिपत. पुरुषही अंधाराचा आडोसा घेऊन डोळे पुशीत. अडीच-तीन तासांनी खेळ संपे आणि पडद्यावरील आईचे दुःख त्या तंबूतच मागे राही.

परंतु ज्या स्त्रियांनी या देशातील चित्रपटात अगदी आरंभी पाऊल टाकले, त्यांतील एकीचे स्वतःचे जीवन अशाच एखाद्या कथेसारखे होते. फरक इतकाच, की तिचे दुःख तीन तासांत संपणारे नव्हते. त्या स्त्रीचे नाव कमलाबाई गोखले.

कमलाबाईंचा जन्म 1900 साली मुंबईत झाला. त्यांचे माहेरचे आडनाव कामत. कमला अगदी लहान असतानाच तिची आई दुर्गाबाई पतीपासून वेगळी झाली. त्या काळी पांढरपेशा घरातील स्त्रीने असे एकटीने राहणे समाजाला मुळीच मान्य नव्हते. पोटासाठी काही करावे, तर तिच्यापुढे मार्ग तरी किती होते? नोकरीची दारे बंद होती. परक्याच्या घरी स्वयंपाकपाणी किंवा मोलमजुरी करावी, एवढाच काय तो उपाय. दुर्गाबाईंनी या साऱ्यांहून अवघड असा मार्ग पत्करला. त्या फिरत्या नाटकमंडळीत गेल्या.

आज या गोष्टीचे आश्चर्य वाटणार नाही. पण त्या काळच्या मराठी रंगभूमीवर स्त्रियांच्या भूमिका पुरुषच करीत असत. बालगंधर्वांसारखे थोर नट स्त्रीवेष धारण करून रंगभूमीवर आले, की साऱ्या नाटकगृहाचे भान हरपे. मात्र घरंदाज स्त्रीने स्वतः चेहऱ्याला रंग लावून लोकांपुढे उभे राहावे, हे लोकांना लांच्छनास्पद वाटे. दुर्गाबाईंकडे आप्तस्वकीयांनी पाठ फिरवली. त्या डगमगल्या नाहीत. लेकीला बरोबर घेऊन त्या मंडळीबरोबर गावोगाव हिंडू लागल्या.

नाटकमंडळीचे जीवन म्हणजे कायमचा प्रवास. एका गावी मुक्काम संपला, की पडदे, पेट्या, कपडे आणि दिवे यांचे गाठोडे बांधावयाचे, आगगाडीने किंवा बैलगाडीने पुढचे गाव गाठावयाचे आणि तेथे पुन्हा बिऱ्हाड मांडावयाचे. रात्री दिव्यांच्या झगमगाटात राजदरबार उभा राही आणि सकाळी त्याच दरबारातील राजा चुलीसाठी लाकडे शोधीत फिरे. अशा भटक्या जीवनात कमलेला शाळा कोठून मिळणार? दुर्गाबाईंनी मुलीला स्वतःच लिहावयास वाचावयास शिकविले. बिऱ्हाड हीच शाळा आणि आई हीच शिक्षिका. वयाच्या चौथ्या वर्षीच कमला रंगभूमीवर उभी राहिली. पाठांतर, गाणे आणि अभिनय यांचे धडे तिला खेळता खेळताच मिळाले.

इकडे मुंबईत एक विलक्षण उद्योग चालू होता. दादासाहेब फाळके नावाच्या ध्येयवेड्या गृहस्थाने 1912 साली विलायतेस जाऊन चित्रपट काढण्याचे तंत्र शिकून घेतले होते. परत आल्यावर त्यांनी राजा हरिश्चंद्राची कथा पडद्यावर आणण्याचे ठरविले. सर्व जमले, पण तारामतीची भूमिका करावयास एकही स्त्री पुढे येईना. फाळक्यांनी पुष्कळ शोध केला. अखेर एका उपाहारगृहात काम करणाऱ्या साळुंके नावाच्या नाजूक अंगलटीच्या तरुणाला त्यांनी लुगडे नेसवून तारामती बनविले. 1913 साली ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आला आणि हिंदी चित्रपटसृष्टीची मुहूर्तमेढ रोवली गेली. परंतु त्या चित्रपटातील राणीसुद्धा पुरुषच होती!

यानंतर फाळक्यांनी आपला कारखाना नाशिकला हलविला आणि भस्मासुर व मोहिनी यांची पुराणकथा चित्रपटासाठी निवडली. ज्याच्या मस्तकावर हात ठेवावा त्याचे भस्म व्हावे, असा वर भस्मासुराला मिळालेला असतो. विष्णू मोहिनीचे रूप घेऊन त्याच्यापुढे नृत्य करू लागतात. तिचे अनुकरण करता करता भस्मासुर आपलाच हात आपल्या मस्तकावर ठेवतो आणि जळून जातो. या कथेचा सारा डोलारा मोहिनीच्या नृत्यावर उभा होता. या वेळी मात्र फाळक्यांना खऱ्या स्त्रिया मिळाल्या. पार्वतीची भूमिका दुर्गाबाईंनी स्वीकारली आणि मोहिनी झाली कमला. त्या वेळी तिचे वय अवघे तेरा वर्षांच्या आसपास होते. आज सातवी-आठवीच्या वर्गात बसणाऱ्या मुलींएवढीच ती होती.

तो काळ मूकपटांचा होता. पडद्यावरील पात्रे ओठ हलवीत, पण त्यांचा आवाज ऐकू येत नसे. कथेचा धागा कळावा म्हणून मधूनमधून पडद्यावर अक्षरे दाखवीत. विजेच्या दिव्यांची सोय नसल्याने सारे चित्रण सूर्यप्रकाशात होई. कॅमेरा हाताने दांडी फिरवून चालवावा लागे. फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाई फिल्मला भोके पाडण्यापासून ती धुण्यापर्यंतची कामे घरच्या घरी करीत आणि शिवाय साऱ्या मंडळींच्या जेवणाखाणाची व्यवस्थाही पाहत. अशा त्या घरगुती कारखान्यात, उन्हात उभे राहून, कोणताही संवाद न बोलता, केवळ हावभावांतून आणि पदन्यासांतून कमलेला मोहिनी उभी करावी लागली. नाटकमंडळीतील बालपणाची शिदोरी तिला येथे उपयोगी पडली. ‘मोहिनी भस्मासुर’ 1913 साली तयार झाला. दुर्गाबाई आणि कमला या मायलेकी भारतीय चित्रपटातील पहिल्या अभिनेत्री ठरल्या.

चित्रपटात काम केले म्हणून त्यांच्या घरी लक्ष्मी पाणी भरू लागली, असे मात्र झाले नाही. त्या काळी चित्रपट हा नुकताच सुरू झालेला प्रयोग होता. त्यावर कोणाचे पोट चालण्याची शाश्वती नव्हती. मायलेकी पुन्हा रंगभूमीकडे वळल्या. पुढे कमलाबाईंचा विवाह रघुनाथराव गोखले यांच्याशी झाला. रघुनाथराव हेही नाटकाच्याच व्यवसायातले. चित्ताकर्षक नाटक मंडळीशी त्यांचा संबंध होता. पतिपत्नी दोघेही कलावंत, त्यामुळे संसार आणि रंगभूमी ही दोन वेगळी घरे राहिली नाहीत. चंद्रकांत, लालजी आणि सूर्यकांत असे तीन पुत्र त्यांना झाले.

पण हे सुख फार काळ टिकले नाही. कमलाबाई पंचविशीच्या सुमारास असतानाच रघुनाथरावांचे निधन झाले. थोरला चंद्रकांत 1921 सालचा आणि धाकटे दोघे त्याहूनही लहान. पाठीशी इस्टेट नाही, घरचा आधार नाही आणि समोर तीन चिमुकली तोंडे. पडद्यावरच्या कथेत येथे करुण गीत सुरू होते. कमलाबाईंच्या जीवनात येथून काम सुरू झाले.

त्या काळी विधवा स्त्रीच्या वाट्याला येणारे जिणे फार कठोर होते. तिने रंगीत वस्त्र नेसू नये, कपाळी कुंकू लावू नये, मंगल कार्यात पुढे होऊ नये आणि शक्यतो घराच्या अंधाऱ्या कोपऱ्यातच दिवस कंठावेत, अशी रूढी होती. रंगभूमीवरील राणीला मात्र भरजरी शालू हवा, अलंकार हवेत आणि कपाळी ठसठशीत कुंकूही हवे. ज्या स्त्रीने घरात बसून अश्रू ढाळावेत अशी समाजाची अपेक्षा होती, तिने रात्री रंगमंचावर येऊन हसावे, गावे आणि प्रेक्षकांना रिझवावे, हे पुष्कळांना रुचणारे नव्हते. लोकनिंदेला भिऊन कमलाबाई घरी बसल्या असत्या, तर तिन्ही मुले उपाशी राहिली असती. त्यांनी निंदा सोसली आणि काम सोडले नाही. मिळेल ती भूमिका त्या मन लावून करीत. प्रसंगी पुरुषांच्या भूमिकाही त्यांनी केल्या. एके काळी पुरुष स्त्रीचे सोंग घेत असत. आता एक विधवा माता मुलांच्या घासासाठी पुरुषाचे सोंग घेऊन रंगभूमीवर उभी होती.

मुलांच्या शिक्षणाचा प्रश्न पुन्हा तोच होता. आज या गावी, तर उद्या त्या गावी, अशा स्थितीत शाळेचे नाव कोठे घालावयाचे? कमलाबाईंना त्याचे उत्तर शोधावे लागले नाही, कारण त्यांच्या आईने ते पूर्वीच देऊन ठेवले होते. दुर्गाबाईंनी ज्याप्रमाणे लेकीला शिकविले होते, त्याचप्रमाणे कमलाबाईंनी आपल्या चंद्रकांताला घरीच लिहावयास वाचावयास शिकविले. शुद्ध उच्चार, स्वच्छ वाणी, कामावरील निष्ठा आणि कष्टाचा अन्नावरील हक्क हे त्या घरातील पाठ होते. कोणत्याही पाठशाळेचा दाखला न मिळविलेला हा मुलगा लहानपणीच रंगभूमीवर आला आणि पुढे मराठी नाटक-चित्रपटांतील एक आदरणीय नट म्हणून मान्यता पावला. लालजी आणि सूर्यकांत हे दोघे तबलावादनात प्रवीण झाले. आईने एकटीने वाढविलेल्या तिघा मुलांनी कलेच्याच क्षेत्रात नाव कमावले.

दरम्यान चित्रपटाचे रूप पालटले. 1931 साली ‘आलम आरा’ हा पहिला हिंदी बोलपट आला आणि 1932 साली ‘अयोध्येचा राजा’ या बोलपटाने मराठी भाषा पडद्यावर बोलू लागली. बोलपटांचे आकर्षण वाढले, तसतशा अनेक नाटकमंडळ्या बुडाल्या आणि कित्येक कलावंतांवर उपासमारीची पाळी आली. मूकपटाच्या आरंभी ज्यांनी पाय रोवला, त्या कमलाबाईंनी बोलपटांतही कामे केली. 1980 साली प्रदर्शित झालेल्या ‘गहराई’ या हिंदी चित्रपटातही त्या दिसल्या. तेव्हा त्यांचे वय ऐंशीच्या घरात होते. मोहिनीच्या नृत्यापासून ते तेथपर्यंत जवळजवळ 67 वर्षे लोटली होती. ज्या व्यवसायाला पूर्वी लोक नाके मुरडीत, त्याला या काळात मानाचे स्थान मिळाले होते. शिकलेल्या, प्रतिष्ठित घरांतील मुली अभिमानाने अभिनयाच्या क्षेत्रात येऊ लागल्या होत्या.

1990 च्या दशकाच्या आरंभी रीना मोहन यांनी कमलाबाईंच्या जीवनावर एक माहितीपट तयार केला. त्या माहितीपटास राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्या वेळी कमलाबाईंनी नव्वदी गाठली होती. तेराव्या वर्षी प्रथम ज्या कॅमेऱ्यापुढे त्या उभ्या राहिल्या, तोच कॅमेरा आता त्यांची हकीकत ऐकण्यासाठी त्यांच्या दारी आला होता. पुढे काही वर्षांनी त्यांचे निधन झाले. त्यांच्या मागे चंद्रकांत गोखले 2008 पर्यंत होते. नातू विक्रम गोखले यांनीही 2022 साली मृत्यू येईपर्यंत रंगभूमी आणि चित्रपट यांची सेवा करून घराण्याचे नाव राखले.

फाळक्यांनी काढलेल्या चित्रपटांपैकी फारच थोडे आज शिल्लक आहेत. फिल्म ही नाजूक वस्तू. उष्णतेने ती खराब होते, ओलाव्याने कुजते आणि काळाच्या ओघात नाहीशी होते. पण एका आईने बिऱ्हाडाच्या कोपऱ्यात बसून लेकीला गिरवायला दिलेली अक्षरे तशी पुसली गेली नाहीत. ती लेकीच्या हातून नातवंडांपर्यंत पोहोचली आणि त्यांच्याही पुढच्या पिढीला पुरली. जुन्या कौटुंबिक चित्रपटातील आईला पाहून ज्यांचे डोळे भरून आले असतील, त्यांनी कमलाबाईंचेही स्मरण करावे. त्यांच्या आयुष्यात अश्रूंना जागा होती, पण कामाला त्याहून अधिक होती. त्या कामाच्या बळावरच त्यांनी तीन मुलांना उभे केले आणि पुढच्या अनेक स्त्रियांसाठी रंगभूमीचे व चित्रपटाचे दार कायमचे उघडे करून ठेवले.