विहिरीवरच्या ‘किर्लोस्कर’ नावाची सुरुवात झाली सायकलच्या दुकानातून!

नांदेड-लातूरच्या शेतकऱ्याला किर्लोस्कर हे नाव सांगावं लागत नाही. विहिरीवरचं इंजिन, पाण्याचा पंप, नाहीतर आजोबांच्या काळचा गंजलेला लोखंडी नांगर, कुठं ना कुठं ते वाचलेलं असतंच. पण या सगळ्याच्या आधी सायकल होती, हे फार जणांना ठाऊक नाही.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचा जन्म 20 जून 1869 चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. शाळेत मन रमेना. चित्रं काढायची आवड, म्हणून मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. तिथं कळलं की काही रंग त्यांना नीट ओळखूच येत नाहीत. चित्रकार व्हायचं राहिलं. मग त्यांनी यंत्रांची ड्रॉइंग काढायला शिकून घेतलं आणि व्हीजेटीआयमध्ये तोच विषय शिकवायला लागले.

त्याच काळात मुंबईच्या रस्त्यावर त्यांनी सायकल पाहिली. दोन सारखी चाकं आणि मागच्या चाकाला साखळी, ही आजच्यासारखी सायकल इंग्लंडात 1885 च्या सुमाराला आली होती. डनलॉपचा हवेचा टायर 1888 चा. म्हणजे गोष्ट एकदम नवी. लक्ष्मणराव ती चालवायला शिकले. मुंबईत सायकली घ्यायच्या आणि बेळगावला भाऊ रामूअण्णांकडं पाठवायच्या, असा धंदा दोघांनी सुरू केला. किर्लोस्कर उद्योगाची सुरुवात 1888 ची धरतात, ती या दुकानापासून.

एका सायकलीची किंमत तेव्हा 700 ते 1000 रुपये. लक्ष्मणरावांचा महिन्याचा पगार पन्नासच्या आत! म्हणजे गिऱ्हाईक कोण, तर वकील, साहेब लोक आणि संस्थानिक. त्यातही घेणाऱ्याला चालवता येत नसे. रामूअण्णा सायकल विकायचे आणि चालवायलाही शिकवायचे, त्याची फी 15 रुपये. दुरुस्तीही तिथंच. मला या गोष्टीतली ही बाजू सगळ्यात महत्त्वाची वाटते. आज पंक्चर झालं तर फाट्यावर दुकान असतं. तेव्हा एकट्यानं लांब निघालेल्याचं वाटेत काही मोडलं, तर सायकल हातात धरून चालत यायची पाळी. त्यामुळं सायकल विकणाऱ्यालाच तिचा नटबोल्ट अन् नटबोल्ट माहीत असावा लागे. (पुढं 1923 मध्ये मुंबईचे काही पारशी तरुण सायकलवर जगप्रवासाला निघाले, तेही दुरुस्ती स्वतःच्या हातानं करतच.)

मुंबईत बढतीची वेळ आली तेव्हा लक्ष्मणरावांना डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन माणसाला दिली गेली. त्यांनी नोकरी सोडली आणि बेळगाव गाठलं. घरी खाणारी तोंडं होती, हातात होतं ते एक सायकलचं दुकान. दुरुस्ती करता करता कारखान्याची हत्यारं जमली. 1901 च्या सुमाराला कडबा कापायचं यंत्र आलं, 1903 मध्ये लोखंडी नांगर.

नांगर मात्र कुणी घेईना. लोखंडानं जमीन विषारी होते, अशी लोकांची समजूत! सायकलला निदान हौस तरी होती, इथं शेतकऱ्याच्या वर्षभराच्या पोटाचा प्रश्न होता. विक्रीला जवळपास दोन वर्षं लागली. पुढं हाच नांगर काळ्या रानात खोल जाऊन हरळी उपटायला लागला, तेव्हा लोकांचा विश्वास बसला. लाकडी नांगराला चार-चार बैलजोड्या जुंपणाऱ्यांना फरक सांगावा लागला नाही, दिसला.

इकडं बेळगावात नवी वसाहत व्हायची म्हणून नगरपालिकेनं कारखान्याची जागा सोडायला लावली. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. त्यांनी कुंडल रोड रेल्वे स्टेशनजवळ 32 एकर माळ दिला. नुसतं निवडुंग आणि साप. तिथं 1910 मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. आज ती सांगली जिल्ह्यात पलूस तालुक्यात आहे.

26 सप्टेंबर 1956 रोजी लक्ष्मणराव गेले. सायकलींचा धंदा कधीच मागं पडला होता. बेळगावात आजही किर्लोस्कर रोड नावाचा रस्ता आहे, आणि त्यावरून सायकली जातात.