पंडिता रमाबाई : शंकेतून जीवनाकडे



पास्काकाळात आपण प्रभूच्या पुनरुत्थानाचा आनंद साजरा करतो. पण आपली शिकलेली मुले विचारतात, मेलेला माणूस उठतो कसा? असे विचारणे पाप नाही. संत थॉमसनेही जखमा पाहिल्याशिवाय मानले नाही. प्रभूने त्याला हाकलून दिले नाही, जखमा दाखवल्या. अशाच एका शोधक मराठी स्त्रीचे जीवन आज पाहू या.

रमाबाई डोंगरे यांचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी झाला. वडील अनंतशास्त्री यांनी पत्नीला संस्कृत शिकवले आणि आईने रमेला. तीर्थयात्रा करीत, पुराणे सांगत हे कुटुंब देशभर फिरले. १८७० नंतरच्या दुष्काळात मात्र उपवास, व्रते, दानधर्म सारे करूनही अन्न मिळेना. वडील, आई आणि मोठी बहीण एकामागून एक गेली. तिथेच रमाबाईंची श्रद्धा ढासळली. उपाशी माणसाची हाक देव ऐकत नाही काय? मराठवाड्यात १९७२ चा दुष्काळ पाहिलेल्यांना हा प्रश्न पुस्तकी वाटणार नाही.

१८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरवले. पण १८८० मध्ये भाऊ व १८८२ मध्ये पती बिपिनबिहारी वारले. पदरी लहानगी मनोरमा होती. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांनी अँग्लिकन पंथात बाप्तिस्मा घेतला.

तरीही प्रश्न संपले नाहीत. त्रैक्य आणि ख्रिस्ताचे देवत्व यांविषयी त्या गुरुजनांशी पत्रांतून वाद घालत राहिल्या. पटल्याशिवाय मान डोलावणे त्यांना जमले नाही. धर्म मिळाला, पण ख्रिस्त अजून भेटला नव्हता, असे त्यांनी पुढे स्वतःच नमूद केले. तो भेटायला सुमारे आठ वर्षे लागली.

पुनरुत्थान म्हणजे प्रेतात पुन्हा श्वास येणे नव्हे. लाझरस उठला, तरी पुढे त्याला मरण होतेच. ख्रिस्त मात्र असा उठला की मरणाची त्याच्यावर सत्ता उरली नाही. हे प्रयोगशाळेत सिद्ध होत नाही. पण विश्वास ठेवणाऱ्याच्या जीवनात त्याची खूण दिसली पाहिजे.

रमाबाईंच्या जीवनात ती दिसली. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडले. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि भुकेने खंगलेल्या मुलींना व विधवांना घेऊन आल्या. ज्या भुकेने त्यांचा विश्वास हिरावला होता, तिच्याच दारी त्या परत गेल्या. केडगावच्या मुक्ती सदनात या बायका शिकल्या, शेती व छपाई करू लागल्या. समाजाने जिवंतपणीच मेलेल्या ठरवलेल्या स्त्रिया उभ्या राहिल्या.

अखेरच्या वर्षांत त्यांनी हिब्रू व ग्रीकवरून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर केले. जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली. त्या आघातानंतरही काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी देह ठेवला.

त्या कॅथोलिक नव्हत्या, तरी त्यांच्यापासून आपण शिकू शकतो. घरातील मुलगा शंका विचारील तेव्हा त्याला गप्प करू नका, त्याच्याबरोबर बसा. आणि आपल्या वस्तीत कोणी एकटी विधवा, आजारी वा उपाशी असेल, तर तिच्या दारी जा. थॉमसला जखमा दिसल्या. आपल्या शंकेखोर मुलांना निदान आपले हात तरी दिसू द्या.

प्रभू तुम्हां सर्वांना आशीर्वाद देवो.

— आपला धर्मगुरू