लीळांचे संकलक म्हाइंभट

चक्रधरस्वामी उत्तरेकडे निघून गेले आणि महानुभाव पंथापुढे मोठा प्रश्न उभा राहिला. स्वामींनी स्वतः ग्रंथ लिहिला नव्हता. त्यांचे बोल शिष्यांच्या स्मरणात होते, आणि स्मरण झिजते. सांगणाऱ्याचे शब्द गुरूच्या शब्दांत केव्हा मिसळले, हे पुढच्या पिढीला उमगत नाही. हा धोका ओळखून कामास लागले ते म्हाइंभट.

आजच्या अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील सराळे हे त्यांचे गाव. ते शास्त्रांत पारंगत होते आणि विद्येचा अभिमानही बाळगून होते. चक्रधरांचा सहवास त्यांना गोदाकाठच्या डोमेग्रामी, म्हणजे श्रीरामपूर तालुक्यातील कमालपूर येथे लाभला. पुढे विदर्भातील ऋद्धिपुरी नागदेवाचार्यांजवळ बसून त्यांनी आठवणी लिहून घेतल्या. तेवढ्यावर ते थांबले नाहीत. ज्याच्या देखत प्रसंग घडला त्यालाच गाठून विचारावे, हा त्यांचा शिरस्ता. त्यापायी ते गावोगाव फिरले. असे 'लीळाचरित्र' सुमारे १२७८ मध्ये सिद्ध झाले. मराठीतला हा आद्य चरित्रग्रंथ मानला जातो.

या कामात नावांची निवड फार मोलाची ठरली. लीळा म्हणजे एक प्रसंग; कोठे घडला, कोण होते, स्वामी काय बोलले, एवढेच त्यात. एकाकी भ्रमंतीच्या काळाचे नाव एकांक, पुढचे भाग पूर्वार्ध आणि उत्तरार्ध. केशोबासांनी याच साहित्यातून स्वामींची वचने वेगळी काढली, ती सूत्रे. 'दृष्टांतपाठा'त तर त्यांनी तीन थर नावानिशी राखले: सूत्र व दृष्टांत स्वामींचे, दार्ष्टांतिक मात्र केशोबासांचे स्वतःचे. मूळ काय आणि भाष्य काय, याचा घोळ उरला नाही.

आजच्या सॉफ्टवेअर रचनाकारालाही हीच अडचण भेडसावते. आलेला कच्चा डेटा, तपासून घेतलेला आणि त्यावरून काढलेला, अशा तिन्हींना नुसते 'डेटा' म्हटले की कोणत्या टप्प्यावर चूक शिरली हे शोधता शोधता पुरेवाट होते. सातशे वर्षांपूर्वीच्या पंडितांना हे कागद-शाईवर साधले, याचे नवल वाटते.

गोविंदप्रभूंच्या निधनानंतर म्हाइंभटांनी त्यांच्याही लीळा अशाच जमवल्या. 'लीळाचरित्रा'ची मूळ पोथी मात्र खलजी स्वाऱ्यांच्या धामधुमीत नाहीशी झाली, असे परंपरा सांगते. मग पाठ असलेल्यांनी ग्रंथ पुन्हा उभा केला. आठवणी जुळेनात, तेव्हा कोणतीही एक खरी ठरवून बाकीच्या पुसल्या गेल्या नाहीत. हिराइसा पाठ, परशरामबास पाठ, रामेश्वरबास पाठ, अशी ज्याची त्याची नावे त्यांना चिकटून राहिली. सांकेतिक सकळ लिपीत शतकानुशतके जपलेल्या पोथ्यांतून वि. भि. कोलते यांनी संपादिलेले 'लीळाचरित्र' १९७८ मध्ये छापून आले.